गोलकीपर रिटायर झाला, भुर्दंड जुन्या टीमला काहून?

मागच्या अंकात एका चौकटीत चार ओळी टाकल्या होत्या, की रॉबर्टो लुओंगो नावाचा आइस हॉकीचा गोलकीपर २०१९ मध्ये रिटायर झाला अन् ज्या टीमनं त्याला पाच वर्षं आधीच दुसरीकडे देऊन टाकलं होतं त्या टीमला पुढचे तीन सीझन त्याचा भुर्दंड पडला. जागाच तेवढी होती. पण मेसेज इतके आले की विचारू नका, कापूस वेचणीच्या दिवसात बर्फावरच्या हॉकीत लोकांना एवढा इंटरेस्ट असेल असं वाटलं नव्हतं बा. सारखे सारखे प्रश्न एकत्र केले, बाकीच्यांनी राग मानू नका, या वेळी अख्खं पान यालाच दिलंय.

प्रश्न (दर्यापूरहून एक वाचक): माझा पुतण्या कॅनडात व्हँकुव्हरच्या बाजूले राहते. तो फोनवर म्हणे का काका, त्या लुओंगोपायी आमच्या टीमचे तीन वर्षं लय हाल झाले. मले एवढंच समजत नाही, का ज्या माणसाले तुम्ही २०१४ मध्येच देऊन टाकलं तो मग खेळो का घरी बसो, तुमचा त्याच्याशी संबंध काय? अन् हे सॅलरी कॅप म्हणजे नेमकी काय भानगड हाये?

उत्तर: भाऊ, पुतण्या बरोबर बोलून राहिला. पण आधी कॅप समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच लागणार नाही.

एनएचएल म्हणजे अमेरिका अन् कॅनडातली सगळ्यात मोठी आइस हॉकी लीग. तिथं २००४-०५ चा पूर्ण सीझन रद्द झाला होता, एकही मॅच नाही, कारण मालक म्हणत होते पगार हाताबाहेर चाललेत अन् खेळाडू म्हणत होते आमच्या पगारावर झाकण नको. शेवटी झाकण बसलंच. २००५-०६ पासून प्रत्येक टीमला एक लिमिट, खेळाडूंच्या पगारावर त्याच्या वर जायचं नाही. पहिल्या वर्षी ते ३ कोटी ९० लाख डॉलर होतं, २०१९-२० मध्ये ८ कोटी १५ लाख झालं, अन् २०२५-२६ साठी ९ कोटी ५५ लाख ठरलं. रुपयात करून सांगत नाही, भाव रोज बदलतो, डॉलरच राहू द्या. अन् हे लिमिट कडक आहे बरं का, मालकाकडे कितीही पैसा असू दे, दंड भरतो पण जास्त खर्च करतो म्हटलं तर चालत नाही. खालूनही एक लिमिट आहे, त्याच्यापेक्षा कमी खर्च केलेला पण चालत नाही, ते पुढच्या एका उत्तरात कामी येईल.

आता मेख अशी की कॅपवर खेळाडूचा त्या वर्षीचा खरा पगार धरत नाहीत, पूर्ण कराराची सरासरी धरतात. म्हणजे करार जितका लांब अन् शेवटची वर्षं जितकी स्वस्त तितकी सरासरी खाली. टीमवाले हुशार, त्यांनी ते लगेच पकडलं. व्हँकुव्हर कनक्सनं २००९ मध्ये लुओंगोशी १२ वर्षांचा, ६ कोटी ४० लाखांचा करार केला, तो २०१०-११ पासून लागू झाला. पहिल्याच वर्षी १ कोटी, मग सात वर्षं दरवर्षी सुमारे ६७ लाख, मग ३४ लाखांच्या आसपास, मग १६ लाख, अन् शेवटची दोन वर्षं फक्त १०-१० लाख. करार संपेपर्यंत हा माणूस ४३ वर्षांचा होणार होता. ४३ व्या वर्षी १० लाखांसाठी गोलपोस्टमध्ये कोण बसते? ती शेवटची वर्षं खेळण्यासाठी नव्हतीच, सरासरी पाडायला जोडलेली होती, अन् हे सगळ्यांना तेव्हाही दिसत होतं. कॅपवर आकडा बसला ५३ लाख ३३ हजार, खिशात मात्र पहिल्या वर्षी त्याच्या जवळपास दुप्पट.

लीगला हे झोंबलं. त्यांनी लुओंगोच्या अन् अजून काही जणांच्या कराराची चौकशी लावली. २०१० मध्ये न्यू जर्सीनं इल्या कोवालचुकला १७ वर्षांचा, १० कोटी २० लाखांचा करार दिला तेव्हा तर लीगनं तो सरळ फेटाळला, लवादानंही लीगचीच बाजू घेतली, अन् मग १५ वर्षांचा नवीन करार करावा लागला, वरून न्यू जर्सीला शिक्षा झाली ती वेगळीच. लुओंगोचा करार मात्र चालू राहू दिला. मग २०१२-१३ मध्ये परत टाळेबंदीचं लफडं झालं, जवळपास अर्धा सीझन गेला, अन् लीग अन् खेळाडूंच्या २०१३ च्या नवीन करारनाम्यात एक कलम आलं, कॅप रिकॅप्चर. म्हणजे असा लांबलचक करार केलेला खेळाडू करार संपायच्या आत रिटायर झाला तर त्याच्यामुळे टीमनं कॅपवर जेवढा फायदा मारला तेवढा परत वसूल करायचा, उरलेल्या वर्षांत समान वाटून. अन् ज्यानं फायदा घेतला त्याच्याकडून वसूल करायचा, मग खेळाडू आता त्याच्याकडे असो नसो. हाच तो तुमच्या पुतण्याच्या टीमचा संबंध.

माझं विचाराल तर फायदा घेतला म्हणून वसूल केला इथपर्यंत ठीक आहे, पण २००९ मध्ये चालवून घेतलेल्या कराराला २०१३ चा नियम लावणं, हे काही पटत नाही. खेळ सुरू झाल्यावर मैदानाची लाइन सरकवली ना.

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा, इथून एक वाचक ताई): मी पतसंस्थेत हिशोबाचं काम करते त्यामुळे आकडे दिसले की राहवत नाही. चौकटीत तुम्ही लिहिलं की व्हँकुव्हरला वर्षाला ३० लाख ३५ हजार अन् फ्लोरिडाला १० लाख ९४ हजार डॉलर लागले. हे आकडे आले कुठून? जरा मांडून दाखवा.

उत्तर: ताई, तुमच्यासारखे चार वाचक असले तर आम्हाला आकडे छापायच्या आधी दोनदा पाहावं लागेल. घ्या, सगळं लाखात मांडतो.

करार १२ वर्षांचा, त्यातली ९ झाली होती, ३ उरली होती. २६ जून २०१९ ला त्यानं रिटायरमेंट जाहीर केली. या ९ वर्षांत पहिल्या वर्षी पगार १०० लाख अन् कॅपवर ५३.३, म्हणजे फरक ४६.७ लाख. पुढची सात वर्षं दरवर्षी १३.८ लाखांचा फरक, ते झाले ९६ लाख ८० हजाराच्या घरात. नववं वर्ष उलटं होतं, पगार ३४ च्या आसपास अन् कॅपवर ५३.३, म्हणजे तिथं साडेएकोणीस लाख वजा. सगळं मिळून फायदा होतो १२४ लाखांच्या जवळ. त्याला उरलेल्या ३ वर्षांनी भागा, ४१.३ लाख. आता तुमचे दोन आकडे जोडा, ३०.३५ अन् १०.९४, किती येते? ४१.२९. बसला हिशोब.

वाटणी कशी झाली ते पण सांगतो कारण खरी गंमत तिथंच आहे. लुओंगोला फ्लोरिडा पँथर्सकडे पाठवलं मार्च २०१४ मध्ये. म्हणजे तो १ कोटीवालं पहिलं वर्ष व्हँकुव्हरमध्येच खेळला, मोठा फायदा त्यांनीच घेतला होता. अन् त्याला देताना व्हँकुव्हरनं त्याच्या पगारातला १५ टक्के बोजा स्वतःकडे ठेवला होता, दरवर्षी ८ लाख, त्यामुळे नंतरच्या वर्षांतल्या फायद्यातही त्यांचा थोडा वाटा धरला गेला. असं करत व्हँकुव्हरच्या नावावर ९१ लाख आले अन् फ्लोरिडाच्या नावावर ३३ लाखांच्या आतच.

पण ताई, तुम्ही हिशोबातल्या आहात म्हणून अजून एक बघा. तो खेळत राहिला असता तर फ्लोरिडाच्या कॅपवर दरवर्षी ८५ टक्के, म्हणजे ४५ लाख ३३ हजार लागले असते. तो रिटायर झाला अन् ते आले १०.९४ वर. फ्लोरिडाची ३४ लाखांची जागा मोकळी. अन् व्हँकुव्हरचं ८ लाखांवरून ३०.३५ वर गेलं. माणूस फ्लोरिडाचा, निर्णय त्याचा, फायदा फ्लोरिडाला अन् बिल व्हँकुव्हरला. फ्लोरिडानं पाचच दिवसांनी, १ जुलैला, सर्गेई बोब्रोव्हस्की या गोलकीपरला ७ वर्षांसाठी ७ कोटीला घेतलं. त्या ३४ लाखांमुळेच घेतला असं मी म्हणत नाही पण जागा तर लागलीच ना.

अन् हे ३० लाख म्हणजे व्हँकुव्हरनं कोणाला चेक दिला असं पण नाही. पैसा कुठंच जात नाही, फक्त लिमिटमधली तेवढी जागा मरते. तिकडं त्याला डेड कॅप म्हणतात. त्यात २०२० मध्ये कोरोना आला, लीगचं उत्पन्न बसलं अन् लिमिट ८ कोटी १५ लाखांवर जे अडकलं ते तीन सीझन तिथंच. दरवर्षी वाढेल या भरवशावर सगळ्यांनी करार केले होते. अशा वेळी ३० लाख म्हणजे एक चांगला खेळाडू. ऑक्टोबर २०२० मध्ये व्हँकुव्हरचा गोलकीपर जेकब मार्कस्ट्रॉम कॅल्गरीला गेला, वर्षाला ६० लाखांवर, ६ वर्षांसाठी. हा मार्कस्ट्रॉम कोण, तर २०१४ मध्ये लुओंगोच्या बदल्यात फ्लोरिडाकडून आलेला! तो फक्त या ३० लाखांपायीच गेला असं म्हणणं चूक होईल, त्यांचे अजूनही बरेच महागडे करार होते, पण व्हँकुव्हरच्या लोकांना त्या वर्षी किती झोंबलं असेल ते समजते.

प्रश्न (पुसद तालुक्यातून एक शेतकरी वाचक): मी तं साधा अर्थ लावला. सालदारानं पाडव्याले उचल घेतली अन् साल संपाच्या आत पळून गेला. मग दंड सालदाराले पाहिजे का मालकाले?

उत्तर: भाऊ, उदाहरण एकदम जमलं, फक्त दोन जागी दुरुस्ती करून घ्या. एक म्हणजे हा सालदार उचल घेऊन पळाला नाही, उचलीइतकं काम करून गेला, उलट शेवटच्या तीन वर्षांचे मिळून ३६ लाख डॉलर त्यानं सोडले. दुसरं, पहिल्या मालकानं त्याला मधातच दुसऱ्या मालकाच्या वावरात पाठवलं होतं, अन् तो सोडून गेला तो दुसऱ्याकडून. आता पंच बसले अन् म्हणाले, की दिलेल्या मजुरीपेक्षा कमी मजुरी वहीत दाखवून पहिल्या मालकानं चार वर्षं जास्तीचा एक गडी ठेवला, तर आता त्यानं तीन वर्षं एक गडी कमी ठेवावा. सालदाराला पंचांनी काहीच विचारलं नाही, कारण पंचांचं भांडण त्याच्याशी नव्हतंच, वहीशी होतं.

मग पहिल्या मालकाला सुटायचा रस्ता नव्हता का? होता. २०१३ अन् २०१४ च्या उन्हाळ्यात लीगनं प्रत्येक टीमला दोन करार कॅपवर काहीही न चढवता मोडायची सूट दिली होती. व्हँकुव्हरनं लुओंगोचा करार तेव्हा मोडला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण करार मोडला तरी उरलेल्या पगाराच्या दोन तृतीयांश पैसे त्याला द्यावेच लागले असते, २०१३ च्या हिशोबानं ते २ कोटी ७० लाखांवर जातात, घरी बसवण्यासाठी. मालकाचा हात आखडला असेल तर नवल नाही. उलट त्या वर्षी त्यांनी दुसरा, वयानं लहान गोलकीपर कोरी श्नायडर न्यू जर्सीला देऊन टाकला अन् लुओंगोला ठेवला, अन् आठ-नऊ महिन्यांत लुओंगोलाही दिला. दोन चांगले गोलकीपर होते, वर्ष सरता सरता एकही नाही. मला विचाराल तर ३० लाखांपेक्षा हा घोळ मोठा.

प्रश्न (अमरावतीत शिकणारा एक बीपीएडचा विद्यार्थी, मूळ गाव चांदूर बाजारकडे): सर, मी वाचलं की तिकडे जखमी खेळाडूंना वेगळ्या लिस्टमध्ये टाकतात अन् मग कॅपचा त्रास होत नाही. लुओंगोला तर हिपचा त्रास होता. मग रिटायरमेंटचा अर्ज न देता तो त्या लिस्टमध्ये तीन वर्षं पडून राहिला असता तर?

उत्तर: मित्रा, तू बरोबर जागी बोट ठेवलं. त्या लिस्टला एलटीआयआर म्हणतात, दीर्घ मुदतीची दुखापत यादी. खेळाडू कागदावर टीमचाच राहतो, पगार त्याला मिळत राहतो, अन् टीमला त्याच्या आकड्याइतकं लिमिटच्या वर जाता येतं. तो रिटायर झालेला नसतो म्हणून रिकॅप्चर लागत नाही. लुओंगो तसा राहिला असता तर व्हँकुव्हरला ८ लाखांच्या वर एक डॉलर लागला नसता.

अन् असं करणारे कमी नाहीत. मारियन होसा, शिकागोचा, त्याचाही करार १२ वर्षांचाच, २०१७ मध्ये त्वचेच्या आजारामुळे खेळणं थांबलं पण कागदावर रिटायर नाही झाला, त्याचा करार नंतर अॅरिझोनाला देऊन टाकला. गोलकीपरमध्ये कॅरी प्राइसचं नाव सगळ्यात मोठं, मॉन्ट्रियलचा, ८ वर्षं, ८ कोटी ४० लाख, वर्षाला १ कोटी ५ लाख कॅपवर. २०२१ मध्ये टीमला फायनलपर्यंत नेलं, मग गुडघ्यानं दगा दिला, २०२२ च्या एप्रिलनंतर एकही मॅच नाही. तरी तेव्हा रिटायर नाही झाला! त्याचा करार सप्टेंबर २०२५ मध्ये सॅन होजेला पाठवला, तिथं तो पॅड बांधणार नाही हे दोन्ही टीमला माहीत होतं. त्याचा करार लुओंगोसारखा शेपटीवाला, म्हणजे शेवटी स्वस्त वर्षं जोडलेला, नव्हता म्हणून रिकॅप्चरचा प्रश्न तसाही नव्हता, पण रिटायर झाला असता तर त्याचा पगार बुडाला असता, मग कशाला करेल? अन् माझ्या मते त्यानं काही चूक केलं नाही, खेळतानाच गुडघा गेला त्याचा.

म्हणजे बघ, लुओंगो अन् होसा, दोन माणसं, दोघांचंही शरीर संपलेलं, दोघंही परत खेळणार नाहीत. एकानं खरं ते बोलून अर्ज दिला तर तीन वर्षं डेड कॅप, दुसरा गप्प बसला तर काहीच नाही. नियम शरीर बघत नाही, अर्ज बघतो. या रिकॅप्चरमधली सगळ्यात मोठी गळती हीच आहे.

लुओंगोनं तो रस्ता का नाही घेतला हे त्याच्या मनातलं मी कसं सांगू. ४० वर्षांचा होता, १०४४ मॅच खेळून झाल्या होत्या, ४८९ जिंकलेल्या. फ्लोरिडात त्याचं घर जमलेलं होतं, रिटायर झाल्यावर तिथल्याच टीमच्या ऑफिसात काम मिळालं, मार्च २०२० मध्ये त्यांनी त्याची १ नंबरची जर्सी कायमची वर टांगली, २०२२ मध्ये हॉल ऑफ फेम. अन् फ्लोरिडानं २०२४ अन् २०२५ ला लागोपाठ स्टॅनले कप, म्हणजे लीगचा कप, जिंकला, गोलमध्ये तोच बोब्रोव्हस्की. व्हँकुव्हरवाल्यांनी राग धरून ठेवला असता तरी समजून घेतलं असतं पण त्यांनीही २०२३ मध्ये त्याचं नाव स्टेडियमच्या मानाच्या यादीत लावलं. त्यांना २०१० च्या ऑलिम्पिकचं गोल्ड त्यानं त्यांच्याच गावात जिंकून दिलं होतं हे पण आहेच. अन् दोन वर्षं तो त्यांचा कॅप्टन होता. नियमानं गोलकीपरला जर्सीवर कॅप्टनचा सी लावता येत नाही तर पठ्ठ्यानं तो मास्कवर रंगवून घेतला होता.

प्रश्न (वणीहून): लुओंगो सोडून गोलकीपरच्या रिटायरमेंटचा असा अजून काही किस्सा?

उत्तर: टिम थॉमस. बोस्टनचा गोलकीपर, २०११ च्या फायनलमध्ये सातव्या मॅचला समोर लुओंगो अन् व्हँकुव्हर होते, थॉमसनं एकही गोल होऊ दिला नाही, कप बोस्टनला गेला. एक वर्ष झालं अन् हा म्हणाला मी २०१२-१३ चा सीझन खेळत नाही, घरच्यांसोबत राहतो. आता त्याचा करार पस्तिशीनंतरच्या करारात मोडत होता, अन् त्या करारांचा नियम अजूनच कडक, खेळाडू घरी बसला तरी आकडा कॅपवर राहतोच. ५० लाख डॉलर. बोस्टनच्या डोक्याला ताप.

तर झालं काय, न्यूयॉर्क आयलँडर्सनं फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याला मागून घेतलं! खेळणार नाही हे माहीत असून. कारण आधी सांगितलं ना, खालचं पण लिमिट असतं, तेवढा खर्च दाखवावाच लागतो. थॉमस न खेळल्यामुळे त्याला पगार द्यायचा नव्हता, अन् वहीवर मात्र ५० लाख खर्च. एकाचं ओझं ते दुसऱ्याचा आधार झालं. गंमत म्हणजे लुओंगोला करिअरच्या सुरुवातीला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, निवडलं होतं ते याच आयलँडर्सनं, १९९७ मध्ये.

प्रश्न (गोंदियाहून): आपल्या श्रीजेशनं रिटायरमेंट घेतली तेव्हा असं काही झालं का?

उत्तर: नाही. श्रीजेश देशाच्या टीमकडून खेळत होता, तिथं कॅप-बिप काही नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला स्पेनला २-१ नं हरवून ब्राँझ घेतलं अन् तिथंच थांबला, टोकियोनंतरचं त्याचं दुसरं ब्राँझ. हॉकी इंडियानं सीनियर टीममधली त्याची १६ नंबरची जर्सी बंद केली. अन् एक लक्षात असू द्या, श्रीजेशची हॉकी गवताच्या किंवा टर्फच्या मैदानावर अकरा जणांची अन् लुओंगोची बर्फावर सहा जणांची, नाव सारखं असलं तरी खेळ अगदी वेगळे आहेत, चार-पाच जणांनी दोन्ही एकच समजून प्रश्न पाठवले म्हणून सांगितलं.

प्रश्न (मूल, जि. चंद्रपूर, भागातल्या एका गावातली पोरं): भाऊ, आमच्या गावात दरवर्षी टेनिस बॉलची प्रीमियर लीग असते. प्रत्येक टीमला लिलावासाठी सारखे पॉइंट देतो. गेल्या वर्षी एका टीमनं अर्धे पॉइंट घालून विकेटकीपर घेतला, त्यानं दुसऱ्याच मॅचनंतर मी आता खेळत नाही म्हणून सांगितलं. टीमवाले म्हणे आमचे पॉइंट परत द्या, बाकीचे म्हणे काहून द्यायचे, अन् मोठं भांडण झालं. आयपीएलमध्ये काय करतात अन् आम्ही काय करावं?

उत्तर: पोरांनो, या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न तुमचा आहे.

आयपीएलमध्ये खेळाडू रिटायर झाला तर टीम उलट सुटते. आर. अश्विनला चेन्नईनं २०२५ च्या सीझनसाठीच्या लिलावात ९ कोटी ७५ लाखाला घेतलं होतं, त्यानं ऑगस्ट २०२५ मध्ये आयपीएलला रामराम केला अन् पुढच्या लिलावासाठी चेन्नईच्या पर्समध्ये तेवढी जागा झाली. अन् लिलावात विकला गेल्यावर कोणी बिनकारण माघार घेतली तर शिक्षा खेळाडूला, टीमला नाही. हॅरी ब्रूकनं २०२५ मध्ये दिल्लीला नाही म्हटलं तर त्याला दोन वर्षं बंदी. तिथं एकेक वर्षाचा पैसा त्या त्या वर्षी मोजतात, सरासरी-बिरासरी काढत नाहीत, त्यामुळे एनएचएलसारखी शेपटी लावायची सोयच नाही.

तुमच्या गावात पैसा नाही, पॉइंट आहेत, म्हणून मी असं करीन. लागलं म्हणून पोरगा बाहेर गेला, म्हणजे खरंच बोट मोडलं किंवा पाय मुरगळला, तर टीमला न विकल्या गेलेल्या पोरांमधून एक जण फुकट घेऊ द्या, पॉइंट परत नाही. अन् मन नाही म्हणून बाहेर गेला तर तीच सूट द्या पण त्या पोराला पुढच्या वर्षी लिलावात बसवू नका. पॉइंट कोणत्याच केसमध्ये परत देऊ नका, एकदा परत दिले की पुढच्या वर्षी प्रत्येक टीम खेळाडूला म्हणेल, अबे तू पोट दुखते म्हण अन् बस, आम्ही दुसरा घेतो. एनएचएलची ती दुखापतीची लिस्ट याच कारणानं बदनाम आहे. बोट खरं मोडलं का ते ठरवायला दोन्ही टीमच्या बाहेरचा एक माणूस ठेवा, जमलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रातले कोणी, नाहीतर शाळेतले पीटीचे सर.

अन् एका टीमनं दुसऱ्या टीमला खेळाडू दिला तर पॉइंट कोणाच्या नावावर राहतील ते पण आधीच लिहून ठेवा. माझं म्हणणं, खेळाडू गेला की त्याचं सगळं त्याच्यासोबत गेलं, जुन्या टीमचा संबंध संपला. हे सगळं लिलावाच्या आदल्या दिवशी सगळ्या कॅप्टनच्या सह्या घेऊन कागदावर करा. गेल्या वर्षीच्या त्या विकेटकीपरला आता नवीन नियम लावू नका, त्या टीमनं तेव्हा जो नियम होता त्यानुसार बोली लावली होती. त्यांचे पॉइंट गेले ते गेले.

प्रश्न (लाखनीहून): या आइस हॉकीच्या मॅच आपल्याकडे किती वाजता लागतात?

उत्तर: सीझन ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते, कपची फायनल जूनपर्यंत चालते. न्यूयॉर्क, बोस्टन, फ्लोरिडाकडची संध्याकाळी सातची मॅच म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार, अन् नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत तिकडची घड्याळं मागे असतात तेव्हा साडेपाच. व्हँकुव्हरची त्याच्यानंतर काही तासांनी, म्हणजे सकाळी साडेसातच्या पुढे. पहाटे मोटर लावायला वावरात जात असाल तर बोस्टन-फ्लोरिडा बघा, चहा पीत बघायची असेल तर व्हँकुव्हर.